अल्ट्रासॉनिक वेगावरून मातीची लिक्विड लिमिट कशी अंदाजायची

अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी यंत्र लिक्विड लिमिट, म्हणजे माती ज्या ओलाव्याला लगद्यासारखी वाहू लागते ती सीमा, मोजत नाही, हे आधी लक्षात घ्या. ध्वनिलहरीचा एक ठोका मातीच्या नमुन्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायला किती मायक्रोसेकंद लागले, एवढेच ते सांगते. या वेळेतून वेग निघतो. वेगावरून लिक्विड लिमिट काढायची तर मधला दुवा तुम्हालाच तयार करावा लागतो, आणि तोही आपल्याच भागातल्या मातीवर, आपल्याच कॅसाग्रांडे यंत्राने, म्हणजे लिक्विड लिमिट मोजण्याच्या ठोके देणाऱ्या कपाने. हा दुवा नीट जमला तर रस्त्याच्या किंवा कालव्याच्या कामावर पिशव्यांच्या रांगेतून कोणती माती आधी तपासायची हे पटकन ठरते. तो घाईत केला तर मात्र हातात येणारा आकडा फसवा असतो. पुढची पद्धत दख्खनच्या काळ्या मातीसाठी मांडली आहे. विदर्भ, मराठवाडा आणि सोलापूरच्या कामांवर सर्वात जास्त डोकेदुखी हीच माती करते.

थोडी उजळणी. ओल्या मातीत पाणी कमी होत गेले की ती आधी पातळ लगद्यासारखी असते, मग वळता येण्याजोगी होते, मग ठिसूळ आणि शेवटी कडक. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अॅटरबर्ग यांनी 1911 मध्ये या अवस्थांमधल्या सीमा पाण्याच्या टक्केवारीत मांडल्या. कॅसाग्रांडे यांनी 1932 मध्ये लिक्विड लिमिटच्या चाचणीला आजचे यंत्र आणि शिस्त दिली. आपल्याकडे भारतीय मानक आयएस 2720 चा भाग 5 लिक्विड आणि प्लॅस्टिक लिमिटसाठी, तर भाग 6 श्रिंकेज लिमिटसाठी (ज्याच्या खाली वाळली तरी माती आकसत नाही तो ओलावा) वापरतात. कपाची पडण्याची उंची 10 मिमी, वेग सेकंदाला दोन फेरे, आणि 25 ठोक्यांत कपातल्या मातीत पाडलेली खाच 12 मिमी लांबीवर जुळते तेवढे पाणी म्हणजे लिक्विड लिमिट. माती 3 मिमी जाडीच्या दोरीपर्यंत वळून त्याच जाडीला तुटू लागते तेवढे पाणी म्हणजे प्लॅस्टिक लिमिट.

लगद्यातून लहर पाठवण्याचा मोह टाळा

नवख्यांना पहिल्यांदा सुचते ते असे: लिक्विड लिमिटच्या आसपासचा लगदा डबीत भरायचा, दोन्ही बाजूंना प्रोब लावायचे आणि वेग बघायचा. यातून काही निघत नाही. माती पूर्ण संपृक्त, म्हणजे तिच्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या, असेल तर दाबलहर मुख्यतः पाण्याच्या कडकपणावर धावते. 20 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात तिचा वेग 1480 मी/से च्या आसपास असतो, आणि संपृक्त लगद्यातही तो याच परिसरात राहतो, मग माती कमी फुगणाऱ्या केओलिनाइट खनिजाची असो की खूप फुगणाऱ्या मॉन्टमोरिलोनाइटची. म्हणजे जो फरक शोधायचा तोच पाणी झाकून टाकते. उलट लगद्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकले तर एखाद-दोन टक्के हवेनेही वेग कोसळतो आणि लहर इतकी क्षीण होते की यंत्राला ती सापडतच नाही. हाताने कालवलेल्या लगद्यात बुडबुडे हमखास असतात.

म्हणून मोजायची ती दाबून घट्ट केलेली, अंशतः संपृक्त माती. तिच्यात वेग आणि लिक्विड लिमिट यांचे नाते खरे असते, कारण त्यामागे कार्यकारणभाव आहे. चिकणमातीचे प्रमाण आणि तिची पाणी धरण्याची ताकद जितकी जास्त, तितकी लिक्विड लिमिट जास्त. अशाच मातीचा प्रॉक्टर चाचणीतला (ठरावीक ठोक्यांनी दाबून माती कोणत्या ओलाव्यावर सर्वात घट्ट बसते ते पाहणारी चाचणी) इष्टतम ओलावा जास्त आणि कमाल शुष्क घनता कमी येते. घनता कमी, कणांमधला स्पर्श कमी आणि मऊ, म्हणून लहर सावकाश जाते. थोडक्यात, प्रमाणित पद्धतीने दाबलेल्या मातीत वेग खाली म्हणजे लिक्विड लिमिट वर.

इथे एक प्रामाणिक हिशेब करायला हवा. फक्त लिक्विड लिमिट हवी असेल तर त्यासाठी मुद्दाम प्रॉक्टर करणे म्हणजे आडवळणाने जाणे. कॅसाग्रांडे त्यापेक्षा लवकर होते. पण भरावाच्या कामावर प्रॉक्टर चाचणी प्रत्येक मातीवर होतेच. त्याच दाबलेल्या मातीतून एक छोटा नमुना काढून वेग मोजला तर जास्तीचा वेळ मिनिटांत मोजण्याइतकाच. पद्धतीचा खरा फायदा इथे आहे.

काय काय लागते

काँक्रीट तपासणीसाठी वापरतात तेच यंत्र चालते: 54 किलोहर्ट्झचे दोन प्रोब, 0.1 मायक्रोसेकंदापर्यंत वाचन, आणि जमलेच तर पडद्यावर लहरीचा आकार दाखवणारे. फक्त आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर काम होते, पण चुका पकडायला जास्त मेहनत पडते. सोबत यंत्राबरोबर येणारी प्रमाण कांडी, जिच्यावर तिचा वेळ कोरलेला असतो. याशिवाय हलक्या प्रॉक्टरचा 1000 घनसेंमीचा साचा आणि 2.6 किलोचा रॅमर, अनकन्फाइन्ड कॉम्प्रेशन या मातीच्या ताकदीच्या चाचणीसाठी वापरतात ती 38 मिमी आतील व्यासाची पातळ नळी आणि 38 × 76 मिमीचा उभा दुभंगणारा साचा, तारेची करवत, व्हर्नियर, 0.01 ग्रॅमचा काटा, 105 ते 110 अंशांचा ओव्हन, पातळ क्लिंग फिल्म आणि अल्ट्रासाउंड जेल.

नमुना 38 × 76 का, तेही समजून घ्या. 54 किलोहर्ट्झला 900 मी/से वेगाच्या मातीत लहरीची लांबी 900 ÷ 54000, म्हणजे साधारण 17 मिमी. नमुन्याचा व्यास लहरलांबीच्या दुप्पट भरतो आणि लांबीत चार-साडेचार लहरी मावतात. नमुना यापेक्षा फार आखूड केला तर पहिली लहर नेमकी कधी आली हे कळत नाही. पूर्ण 127 मिमीच्या प्रॉक्टर ठोकळ्यातून पाठवली तर ओल्या चिकणमातीत ती वाटेतच विरते.

नमुना तयार करणे

माती सावलीत हवेवर वाळवा. सीमांच्या चाचणीसाठीची माती ओव्हनमध्ये वाळवू नका. काही मातींच्या सीमा त्याने बदलतात, आणि कोकण-गोव्याच्या जांभ्या मातीत हा बदल मोठा असू शकतो. ढेकळे लाकडी हातोडीने फोडा, कण चिरडू नका.

आता एक अडचण, जिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. लिक्विड लिमिटची चाचणी 425 मायक्रॉन चाळणीखालच्या मातीवर होते, प्रॉक्टर मात्र जाड कणांसह. मातीत मुरमाचे खडे असतील तर वेग त्या खड्यांचाही असतो आणि लिक्विड लिमिट फक्त बारीक भागाची. दोघांचा मेळ बसणार नाही. सुरुवातीला ही पद्धत 425 मायक्रॉनखाली किमान 85 ते 90 टक्के जाणाऱ्या मातीपुरतीच ठेवा. काळी माती सहसा यात बसते.

नेहमीप्रमाणे पाच ओलाव्यांवर प्रॉक्टर लावा. पाणी मिसळून माती बंद पिशवीत रात्रभर ठेवा, काळ्या मातीला पूर्ण 24 तास द्या. पाणी ढेकळांच्या आत मुरले नाही तर बाहेरून मऊ आणि आतून कोरडी अशी माती दाबली जाते, आणि वेग कुठल्याच आकड्याशी जुळत नाही. तीन थर, प्रत्येकी 25 ठोके, रॅमर 310 मिमीवरून. पुढचा थर टाकण्याआधी खालच्या थराचा पृष्ठभाग सुरीने खरवडायला विसरू नका. गुळगुळीत राहिलेला सांधा लहरीला भिंतीसारखा आडवा येतो.

साचा वजन केल्यावर माती साच्यात असतानाच, आतून तेलाचा हलका हात फिरवलेली 38 मिमीची नळी मधोमध सरळ खाली दाबा. नळी तिरकी गेली तर टोके समांतर येणार नाहीत. मग एक्स्ट्रूडरने (साच्यातून माती ढकलून काढणारे यंत्र) सगळे बाहेर काढा, नमुना दुभंग साच्यात ठेवून दोन्ही टोके तारेने कापा, आणि छाटलेली माती ताबडतोब ओलाव्यासाठी डबीत घाला. नमुना क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून ठेवा. दाबल्यावर चिकणमाती काही काळ हळूहळू कडक होत राहते, त्यामुळे दाबणे आणि मोजणे यांतला वेळ सगळ्या नमुन्यांना सारखाच द्या. एक तास सोयीचा पडतो.

मोजणी सुरू करण्याआधी एक पडताळा करा. 38 × 76 मिमी नमुन्याचे आकारमान 86.2 घनसेंमी. शुष्क घनता 1.50 ग्रॅम/घनसेंमी आणि ओलावा 24% असेल तर शुष्क वजन 129.3 ग्रॅम आणि ओले वजन 160.3 ग्रॅम यायला हवे. दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक दिसला तर नमुन्यात पोकळी आहे किंवा नळी घालताना माती दबली आहे. असा नमुना टाकून द्या. मातीच्या कणांचे विशिष्ट गुरुत्व 2.70 धरले तर याच नमुन्याचे रिक्ततेचे गुणोत्तर (पोकळ्या भागिले घन कण) 0.80 आणि संपृक्तता (पोकळ्यांतला पाण्याचा वाटा) 81% येते. हा संपृक्ततेचा आकडा प्रत्येक नमुन्यासाठी वहीत लिहा, पुढे तोच चुका पकडून देतो.

वेळ मोजणे

आधी प्रमाण कांडीवर यंत्र जुळवा. मग दोन्ही प्रोबच्या तोंडांवर, नमुन्याला वापरणार तीच फिल्म आणि तेवढेच जेल लावून प्रोब समोरासमोर टेकवा आणि उरलेला वेळ टिपा. हा शून्य वेळ प्रत्येक वाचनातून वजा होईल. जेल थेट मातीला लावू नका, टोकाचा ओलावा बदलतो. ग्रीस लावले तर ते मातीत शिरते आणि नमुना पुढच्या कामाला उपयोगी राहत नाही. फिल्मच्या प्रोबकडच्या बाजूला जेल आणि मातीकडची बाजू कोरडी, ताणून घट्ट बसवलेली, हे सर्वात स्वच्छ जमते. मातीचे टोक खडबडीत असेल तर त्याच मातीच्या लगद्याचा अगदी पातळ हात द्या.

नमुना उभा ठेवा. खाली एक प्रोब, वर दुसरा, आणि वरच्या प्रोबवर 1 किलोचे वजन. 38 मिमी व्यासावर हा दाब साधारण 8.7 किलोपास्कल होतो; चांगल्या संपर्कासाठी पुरेसा आणि इष्टतम ओलाव्याच्या मातीला न चिरडणारा. हाताने दाबू नका, प्रत्येकाचा हात वेगळा आणि एकाच माणसाचाही सकाळ-संध्याकाळ वेगळा. लांबी वजन ठेवल्यावरच व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा. खालच्या प्रोबखाली फोमचा तुकडा द्या, नाहीतर लहर लोखंडी स्टँडमधून फिरून वर येऊ शकते.

तीन वाचने घ्या, प्रत्येक वेळी वरचा प्रोब उचलून पुन्हा ठेवा. वाचनांत 2 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर संपर्क नीट नाही.

गणित साधे आहे. लांबी 76.0 मिमी, वाचन 85.7 मायक्रोसेकंद, शून्य वेळ 1.2. खरा वेळ 84.5, वेग 76.0 ÷ 84.5 × 1000 = 899 मी/से. शून्य वेळ वजा केला नसता तर 887 आले असते. लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तरी फरक जवळपास तेवढाच. या दोन चुका एकाच दिशेने गेल्या की अडीच-पावणेतीन टक्के गेले.

वाचन चुकते कुठे

सर्वात घातक चूक म्हणजे पहिली लहर निसटणे. ओल्या मातीत पहिले शिखर इतके लहान असते की यंत्राच्या उंबरठ्याखाली राहते, आणि यंत्र पुढच्या शिखराला पहिले समजते. 54 किलोहर्ट्झला एका पूर्ण लहरीचा वेळ 18.5 मायक्रोसेकंद. म्हणजे खरा वेळ 84.5 असताना शून्य वेळ वजा करूनही 103 येतात आणि वेग 899 ऐवजी 738 निघतो. आकडा स्थिर असतो, तीनही वेळा तोच येतो, म्हणून खोटा वाटत नाही. शेजारच्या ओलाव्याच्या नमुन्याशी तुलना करताना वेळ 18 किंवा 9 च्या पटीत उडी मारताना दिसला तर लगेच संशय घ्या. गेन वाढवा, पल्सचे व्होल्टेज वाढवा, लहरीचा आकार बघा.

हे पडताळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे लांबीचा आलेख. एकाच मातीचे, एकाच ओलाव्याचे 76, 57 आणि 38 मिमीचे तीन नमुने मोजा आणि वेळ विरुद्ध लांबी मांडा. बिंदू एका सरळ रेषेत येऊन रेषा शून्य वेळेच्या जवळ अक्षाला छेदत असेल तर वाचने खरी. रेषा वेड्यावाकड्या ठिकाणी तुटत असेल तर एखाद्या लांबीवर लहर निसटते आहे. नवीन यंत्र हाती आले की पहिल्या दिवशी हे करून ठेवा.

उलट चूक म्हणजे वेळ फारच कमी येणे. नमुना लोखंडी साच्यात ठेवूनच मोजला तर लहर पोलादातून सुमारे 5900 मी/से ने पळते आणि 76 मिमीला 13 मायक्रोसेकंद दिसतात. माती कितीही घट्ट असली तरी असा आकडा देत नाही. मोजताना साचा काढलेलाच हवा.

तिसरी गोष्ट भेगांची. काळी माती पंख्याखाली दहा मिनिटे उघडी राहिली तरी टोकांना केसासारख्या भेगा पडतात. त्या आडव्या पडल्या तर हवेची फट तयार होते आणि वेग अकारण खाली येतो. मोजण्याआधी टोके भिंगाखाली बघा.

आपले समीकरण तयार करणे

पाचही ओलाव्यांवरचे वेग ओलाव्याविरुद्ध मांडा. इष्टतम ओलाव्याच्या पुढे वेग सहसा उतरू लागतो. इष्टतमाच्या कोरड्या बाजूला बिंदू जास्त विखुरलेले दिसतील, कारण तिथे ढेकळांमधल्या पोकळ्या शिल्लक असतात. या वक्रावरून नेमक्या इष्टतम ओलाव्यावरचा वेग वाचा. एकाच नमुन्याच्या वेगापेक्षा तो कितीतरी भरवशाचा असतो, आणि पुढे सगळीकडे हाच वापरा.

आता प्रत्येक मातीची लिक्विड आणि प्लॅस्टिक लिमिट आयएस पद्धतीने काढा. इथे ढिलाई झाली तर पुढचे सगळे वाया. कपाचा तळ झिजलेला नाही, पडण्याची उंची खाच पाडायच्या हत्याराच्या 10 मिमी ठोकळ्याने तपासलेली आहे, आणि 15 ते 35 ठोक्यांमध्ये किमान चार बिंदू आहेत, एवढे तरी पाहाच. कमीत कमी 25 ते 30 माती घ्या, आणि त्या लिक्विड लिमिट 30 पासून 90 पर्यंत पसरलेल्या असू द्या. सगळ्या 55 ते 65 मधल्याच असतील तर रेषेचा उतार नुसता योगायोगावर ठरतो. चौथा हिस्सा माती बाजूला ठेवा. समीकरण बसवताना त्या वापरायच्या नाहीत, फक्त शेवटी त्यावर परीक्षा घ्यायची.

एक्सेलमध्ये सरळ रेषा बसवा आणि आर-वर्गापेक्षा (रेषा बिंदूंना किती जुळते त्याचा आकडा) प्रमाण त्रुटीकडे (अंदाज साधारण किती चुकतो) लक्ष द्या. गणित कळण्यापुरते कल्पित आकडे घेऊ: समजा लिक्विड लिमिट = 118 − 0.065 × वेग, आणि प्रमाण त्रुटी 5. वेग 899 असेल तर अंदाज 59.6. पण अहवालात 59.6 लिहायचे नाही. 50 ते 70 असे समजायचे, कारण दोन प्रमाण त्रुटींच्या पट्ट्यातच 95 टक्के माती येतात. वेग 1050 आला तर अंदाज 49.8, म्हणजे मातीच्या वर्गीकरणाच्या आयएस 1498 मधल्या सीआय (मध्यम प्लॅस्टिक चिकणमाती) आणि सीएच (जास्त प्लॅस्टिक चिकणमाती) गटांच्या बरोबर सीमेवर. अशा मातीला पुन्हा कॅसाग्रांडेकडेच न्यावे लागते.

काळ्या मातीचे समीकरण जांभ्या मातीला लावू नका. जांभ्यात लोह आणि अॅल्युमिनियमचे ऑक्साइड कण एकमेकांना चिकटवून ठेवतात. घनता आणि वेग वेगळ्याच कारणाने ठरतात. दोन्ही प्रकार एकाच आलेखात टाकले तर आर-वर्ग एखाद वेळी चांगलाही दिसेल, पण तो दोन ढिगांमधल्या अंतराचा असेल, नात्याचा नव्हे.

एका वेगातून दोन सीमा निघत नाहीत

लिक्विड लिमिटचे समीकरण झाले की त्याच वेगावर प्लॅस्टिक लिमिटचे दुसरे समीकरण बसवून वजाबाकीने प्लॅस्टिसिटी इंडेक्स काढायचा, हा प्रकार सर्रास होतो. तो चुकीचा आहे. दोन्ही अंदाज एकाच आकड्यातून आले, म्हणून प्लॅस्टिसिटी चार्टवर (इंडेक्स विरुद्ध लिक्विड लिमिटचा आलेख) सगळ्या माती एका सरळ रेषेवर येऊन बसतील. त्या चार्टवर चिकणमाती आणि गाळमाती वेगळ्या करणाऱ्या ए-रेषेच्या वर कोण आणि खाली कोण, हे तुमच्या समीकरणांनीच आधी ठरवून टाकलेले असेल. मातीला काही बोलायला वावच नाही. शिवाय बहुतेक मातींची प्लॅस्टिक लिमिट अरुंद पट्ट्यात असते, त्यामुळे तिचे वेगाशी नाते कमजोरच राहते.

इंडेक्स हवा असेल तर दुसरे स्वतंत्र मोजमाप जोडा. सर्वात स्वस्त म्हणजे फ्री स्वेल इंडेक्स, आयएस 2720 चा भाग 40: 425 मायक्रॉनखालची 10 ग्रॅम माती पाण्यात, 10 ग्रॅम रॉकेलमध्ये, 24 तासांनी दोन्हींच्या आकारमानातला फरक. काळ्या मातीची फुगण्याची वृत्ती यात थेट दिसते, वेगात ती आडून येते. वेग आणि फ्री स्वेल दोन्ही घेऊन बहुचल समीकरण बसवा. 3 मिमीची दोरी मात्र हाताने वळायची सवय मोडू नका, तिला पर्याय नाही.

श्रिंकेज लिमिटसाठी वेगळी वाट

इथे वेगाचा उपयोग निराळा आहे. इष्टतमापेक्षा ओलसर बाजूला दाबलेला 38 × 76 नमुना झाकण सैल ठेवलेल्या डब्यात सावकाश वाळू द्या. दिवसातून दोन-तीनदा वजन, लांबी, व्यास आणि वेळ टिपा. आकारमान विरुद्ध ओलावा मांडला की आकुंचन थांबते तो बिंदू दिसतो. त्याच सुमारास माती कडक होत असल्याने वेगाच्या आलेखालाही वळण येते. निर्णय आकारमानावरून घ्या आणि वेगाला साक्षीदार धरा. दोन्ही वळणे फार लांब पडली तर नमुना आतून तडकला असण्याची शक्यता जास्त. भाग 6 च्या चाचणीत आकारमान मोजायला लागणारी पाऱ्याची थाळी टाळता येते, हा याचा मोठा लाभ. पारा विषारी आहे आणि लहान प्रयोगशाळेत तो सांभाळणे अवघड. पण भाग 6 नुसार अहवाल मागितला असेल तर हे त्याच्या जागी चालणार नाही.

कामावर वापरताना

रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांत लिक्विड लिमिट 70 पेक्षा आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्स 45 पेक्षा जास्त असलेली चिकणमाती भरावासाठी अयोग्य ठरवली आहे. वरच्या कल्पित समीकरणात 70 म्हणजे वेग सुमारे 740 मी/से. तेव्हा 590 च्या खाली किंवा 890 च्या वर वेग आलेल्या माती लिक्विड लिमिटच्या बाजूने निःशंकपणे वेगळ्या काढता येतात, आणि मधल्या पट्ट्यातल्या पिशव्यांवर कॅसाग्रांडेचा वेळ खर्च करता येतो. ग्रॅन्युलर सब-बेसच्या (रस्त्याच्या खालच्या खडी-मुरमाच्या थराच्या) मुरमाला, जिथे लिक्विड लिमिट 25 आणि इंडेक्स 6 च्या आत हवे, ही पद्धत लावूच नका; तिथे वेग खड्यांचा असतो.

अहवालात वेग, ओलावा, शुष्क घनता, संपृक्तता, प्रोबची वारंवारता आणि समीकरण कोणत्या मातींवर बसवले ते लिहा, आणि आकड्यापुढे "अंदाजित" हा शब्द ठेवा. दर दहा मातींमागे एकीवर पूर्ण आयएस चाचणी करून ती मूळ आलेखावर टाका. नवे बिंदू रेषेच्या एकाच बाजूला साचू लागले तर खाण बदलली आहे किंवा प्रोबचे तोंड झिजले आहे. आधी कांडीवर यंत्र तपासा, मग मातीकडे वळा.